गाढवापुढं अंथरलेला शालू

आसेगावात जगदेव चिताऱ्याचा हात शुभ समजला जाई. तीस वर्षांत पंचक्रोशीत ज्या घरी लग्न निघालं, त्या घराच्या दर्शनी भिंतीवर दाराच्या दोन अंगांना दोन हत्ती, वर गणपती आणि हत्तींमागं घोड्यावर बसलेला नवरदेव जगदेवनंच काढला होता. आणि त्यातली एकही वरात अर्ध्या वाटेतून परत गेली नव्हती. एकदा एका घरानं चार लोकांत उठून दिसावं म्हणून मंगरूळपीरचा रंगारी बोलावला. त्याच्या हत्तीची सोंड जरा आखूड झाली आणि नेमकी त्याच लग्नात पंगत बसल्यावर वावटळ आली. सोंडेचा आणि वावटळीचा संबंध काय, हे विचारायला कोणी गेलं नाही. तेव्हापासून गावातल्या भिंतीला दुसऱ्या कोणाचा कुंचला लागला नाही.

जगदेवला हे चांगलं ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं त्याच्या चालण्यातही दिसायचं. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळा, बोटांना कायम नीळ नाहीतर गेरू लागलेला. पण हातापेक्षाही त्याला गर्व होता तो डोळ्याचा. "एकदा पाह्यलं का पाह्यलं," तो पारावर बसून सांगायचा. "माया डोयातून मुंगी सुटत नाई." कोणाच्या बैलाचं कोणतं शिंग वाकडं, कोणत्या बाईची नथ कोणत्या बाजूला झुकते, हे तो घरबसल्या बोलून दाखवी. लोक पडताळा घ्यायला जात आणि मान हलवत परत येत.

एकोणतीस साली, फाल्गुन लागता लागता, त्याच्याकडे एक वेगळीच भिंत चालून आली. गावाबाहेर ओढ्याच्या काठी दहा-बारा ख्रिस्ती घरं होती. त्यांनी पै-पाहुण्यांच्या मदतीनं विटांचं एक लहानसं देऊळ बांधलं होतं आणि तिथं नगरकडचे शांतवन नावाचे पाद्री येऊन राहिले होते. साठीचा मनुष्य, आवाज हळू, पायात ठिगळाची चप्पल. ते एका सकाळी जगदेवच्या ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी खिशातून एक जुनाट पोस्टकार्ड काढलं. त्यावर कुठल्याशा दूर देशातल्या जुन्या चित्राची छबी होती, पण उन्हापावसानं इतकी पुसट झालेली की माणसं कुठली आणि झाडं कुठली हे कळायला नशीब लागावं.

"जगदेवराव, आमचा झावळ्यांचा रविवार येतोय, शिमग्याच्या आदल्या दिवशी," पाद्री म्हणाले. "प्रभू येशू गाढवावर बसून शहरात येतो, लोक अंगावरची वस्त्रं वाटेत अंथरतात, झावळ्या हलवून त्याचं स्वागत करतात. एवढं देवळाच्या दर्शनी भिंतीवर काढून द्या."

"काढतो जी," जगदेव म्हणाला. पण 'गाढवावर' हा शब्द त्याला खटकला होता.

गाढवावर कोण बसतं, हे आसेगावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. चोरी करताना सापडलेला माणूस बसतो. शिमग्यात पोरांच्या तावडीत सापडलेला बसतो. तोंडाला काजळ, गळ्यात जुन्या खेटरांची माळ, मागं डबे वाजवणारी पोरं. अशा जनावरावर देवाला बसवायचं? दुसऱ्याचा असला म्हणून काय झालं, देव तो देव. जगदेवला पाद्रीबाबांची कणव आली. साधा माणूस, परगावचा, आपल्या देवाची किंमत आपल्यालाच कळू नये याला काय म्हणावं! कोण्या दुश्मनानं यांना असं चित्र दिलं असेल, आणि यांनी भोळेपणानं ते छातीशी धरून ठेवलं असेल.

त्यानं मनाशी ठरवून टाकलं. भिंतीसमोर गोणपाटाचा पडदा बांधला, आत कोणी यायचं नाही असं बजावलं, आणि आठ दिवस खपून आयुष्यात काढला नव्हता असा घोडा काढला. पांढराशुभ्र, मान कमानीसारखी, आयाळीत गोंडे, एक पाय उचललेला. वर बसलेला देव ताठ, नजर दूर. भोवती माणसं गोळा केली ती सगळी आसेगावची. उकंडराव तेली झावळी हलवतोय, खेमा गुराखी झाडावर चढलाय. आणि सगळ्यात पुढं, घोड्याच्या उचललेल्या पायाखाली आपला जांभळा शालू अंथरायला वाकलेली कस्तुराबाई पाटलीण.

कस्तुराबाईला पुढं ठेवल्यावाचून इलाजच नव्हता. भगवंतराव पाटलांची ती बायको. गावात बारसं असो की बारावं, पहिल्या रांगेत तीच. नवरा गावचा पाटील होता आणि ती नवऱ्याची. तो जांभळा शालू पाटलांनी कारंज्याहून आणला होता, मोरांच्या पदराचा, आणि तसलं वस्त्र तालुक्यात दुसरं नाही असं ती स्वतःच सांगे. शिवाय वैशाखात तिच्या लेकीचं, मनकर्णेचं, लग्न होतं. हंगामातली पहिली आणि सगळ्यात मोठी भिंत तिची. ती भिंत ज्याला मिळाली त्याला मागची वीस मिळणार, आणि तिनं ज्याला नाही म्हटलं त्यानं कुंचले चुलीत घालावेत. जगदेव भोळा होता, पण इतकाही नाही.

पडद्यामागची गोष्ट त्यानं फक्त बायकोला, रुपाबाईला सांगितली. म्हणजे संध्याकाळपर्यंत ती पाटलांच्या वाड्यावर पोचली. कस्तुराबाई हरखून गेली. देवाच्या घोड्यापुढं आपण! तिनं लगोलग मानोऱ्याला गाडी पाठवून होणाऱ्या विहिणीला, तुळसाबाईला, निरोप दिला की रविवारी या, एक गोष्ट दाखवायची आहे. तुळसाबाई म्हणजे खानदानी घरची, बोलायची कमी, आणि जी फार बोलत नाही तिचं भय कस्तुराबाईला फार वाटे.

गुरुवारी सकाळी जगदेवनं पाद्रीबाबांना पडद्याआड नेलं आणि छाती काढून बाजूला उभा राहिला. पाद्रीबाबांनी चित्र पाहिलं. मग ते मागं सरकून दगडावर बसले, आणि हसू लागले. खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"का जी? बिघडलं काई?" जगदेव कावराबावरा झाला.

"घोडा फार सुरेख आहे, जगदेवराव. असा घोडा मी पाहिला नाही. पण गाढव कुठंय?"

"पाद्रीबाबा, माफी करा, पन मले नाई काढवलं. गाढवावर त चोराले बसवते जी. तुमाले कोनी सांगतलं नसंल, इकडची रीत हाय."

पाद्रीबाबांचं हसू हळूहळू थांबलं. "मला ठाऊक आहे ती रीत," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांना गाढवावर बसवून फिरवलं होतं. मी सात वर्षांचा होतो. आईच्या पदराआडून पाहत होतो आणि लाजेनं मरत होतो. पण बाबा हसत होते. खोटं नाही, खरंच हसत होते. घरी आल्यावर आईनं तोंडाचं काजळ पुसलं, तेव्हा म्हणाले, अगं, माझा राजा ज्या वाहनावर बसला त्यावर मला फुकटात बसायला मिळालं, अजून काय पाहिजे?"

जगदेव हातातला कुंचला उगाच पुसत राहिला.

"घोडा लढाईला निघालेल्या राजाचा," पाद्री म्हणाले. "लोकांना तसाच राजा हवा होता. हा मात्र मुद्दाम गाढवावर आला, म्हणजे कोणी भिऊ नये. जुन्या काळापासून आमच्या चिताऱ्यांनी गाढवाला सोडलं नाही बघा. गव्हाणीत बाळ जन्मलं तर शेजारी गाढव. आईबाप लेकरू घेऊन रातोरात पळाले तर खाली गाढव. आणि आमची म्हातारी माणसं सांगतात, प्रभूला वाहिलं म्हणून त्याच्या पाठीवर क्रूस उमटला, तो अजून आहे."

"कोनाच्या पाठीवर?"

"गाढवाच्या. तुमच्या गावच्या गाढवाच्या पाठीवरही असेल."

"नाई जी," जगदेव ठासून म्हणाला. "मी जलमभर पाहून राह्यलो. असतं त मले दिसलं नसतं काय?"

दोघं उठून सोजरबाई कुंभारणीच्या अंगणात गेले. सोजरबाईचा नवरा वारल्यापासून चाक तीच फिरवायची, आणि माती आणायला, मडकी बाजाराला न्यायला तिच्याकडे हिऱ्या नावाचं राखी रंगाचं गाढव होतं. त्याचा डावा कान कुत्र्यानं फाडलेला होता. जगदेवच्या घरासमोरून ते रोज दोन वेळा जायचं. सोजरबाईनं पाठीवरचं पोतं काढलं, पाद्रीबाबांनी तळहातानं धूळ झटकली, आणि जगदेवला दिसलं. आयाळीपासून शेपटीपर्यंत एक काळसर रेघ सरळ गेलेली, आणि खांद्यावर तिला आडवी छेदून दुसरी, दोन्ही बाजूंना खाली उतरलेली. कोणी कोळशानं ओढावी इतकी स्पष्ट.

"माया लेकराच्या पाठीवर काय पाहून राह्यले तुमी दोघं?" सोजरबाईनं विचारलं.

जगदेवला लाज वाटली. इतकी वर्षं जनावर दारावरून गेलं, आणि मुंगी न सोडणाऱ्या डोळ्यानं त्याच्या पाठीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं काही असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"आमच्या पुस्तकात एक गोष्ट आहे," परत येताना पाद्रीबाबा म्हणाले. "एक मोठा ज्ञानी माणूस गाढवीवर बसून चालला होता. वाटेत देवदूत उभा होता. गाढवीला दिसला, ज्ञान्याला दिसला नाही. त्यानं बिचारीला काठीनं बडवलं." मग ते थांबले. "पण तुम्ही घोडा ठेवा, जगदेवराव. मी जोर करणार नाही. तुम्हांला गावात राहायचंय, तुमचं पोट या हातावर आहे. प्रभू घोड्यावर बसला तरी आमचाच आहे."

घरी रुपाबाईनं हीच गोष्ट जास्त मोठ्या आवाजात सांगितली. "आवो, तुमाले काई समजते काय? ज्या हातानं गाढव काढलं तो हात कोन आपल्या पोरीच्या भिंतीले लावू देईन? अख्खा वैशाख घरी बसा मंग माशा मारत. पाद्रीबाबा सोता म्हनून राह्यले घोडा ठेवा, अन् तुमाले काहून एवढी खाज?"

"मले दिसलं न वं आता," जगदेव म्हणाला. "दिसलं ते न दिसल्यासारखं कसं करू?"

यावर रुपाबाईनं कपाळाला हात लावला. तीस वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट कळली होती, की हा माणूस भाकरीवरून ऐकतो, बाजारावरून ऐकतो, पण भिंतीवरून ऐकत नाही. या खेपेला मात्र तिनं ही गोष्ट वाड्यावर पोचू दिली नाही.

शुक्रवार आणि शनिवार जगदेव पडद्याआड होता. त्यानं घोड्यावर चुन्याचा हात मारला आणि हिऱ्याला देवळाच्या अंगणात बांधून ठेवलं. राख, काजळी आणि थोडा गेरू कालवून तो रंग जमवला. कान लांब केले, डावा फाडला. पोट सोडलं, गुडघे जाडे केले. पाठीवरच्या दोन रेघा त्यानं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश ओढल्या. मग एक अडचण आली. गाढव घोड्यापेक्षा बुटकं, तेव्हा वर बसलेल्या देवालाही खाली आणावं लागलं. पाय जमिनीला टेकतील इतका खाली आला. आणि जगदेव मागं सरकून पाहतो तर काय, घोड्यावर असताना जो सगळ्यांच्या डोक्यावरून दूर कुठंतरी पाहत होता, तो आता थेट माणसांच्या डोळ्यांत पाहत होता. जगदेवनं ती नजर मुद्दाम काढली नव्हती. तो बराच वेळ कुंचला हातात धरून नुसता उभा राहिला, आणि त्याला मनापासून आनंद झाला.

शनिवारी दुपारी त्यानं पाद्रीबाबांना दोनचार आडवेतिडवे प्रश्न विचारले. तुमच्या बाबांचं नाक कसं होतं? फेटा बांधायचे की टोपी घालायचे? हसले की दात दिसायचे काय? पाद्रीबाबांनी सांगितलं, आणि कशाला विचारता असं विचारलं, तर जगदेव म्हणाला, "असंच जी."

संध्याकाळी कुंचले धुताना त्याला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी विसरलोय. त्यानं डबे मोजले, डिंकाची वाटी पाहिली. सगळं जागच्या जागी होतं.

रविवारी सकाळी शिंदीच्या झावळ्या घेऊन ख्रिस्ती बायाबापड्या गात निघाल्या, आणि होळीच्या लाकडांची जमवाजमव टाकून अर्धं आसेगाव मजा पाहायला मागं लागलं. पाटलांची गाडी आली. कस्तुराबाई खास तोच जांभळा शालू नेसून उतरली. मागून तुळसाबाई उतरली, आणि कस्तुराबाईनं तिला हात धरून भिंतीसमोर, अगदी पुढं, उभं केलं.

"पाहाच तुमी आता, इहीनबाई," ती म्हणाली.

पाद्रीबाबांनी दोरी ओढली. गोणपाट खाली पडलं.

मागून खेमा गुराख्याचा आवाज आला, "अबे, हे त सोजरबाईचं हिऱ्या!" आणि सगळं आवार हसण्यानं भरून गेलं. कोणी फाटका कान दाखवू लागलं, कोणी उकंडरावाची ढेरी. आणि त्याच वेळी जगदेवला आठवलं, आपण काय विसरलो ते.

घोडा पुसला होता. देव खाली आणला होता. पण शालू तसाच राहिला होता. आसेगावची पाटलीण, नथीसकट, मोरांच्या पदरासकट, सगळ्या गावासमोर वाकून सोजरबाईच्या गाढवाच्या पायाखाली आपला शालू अंथरत होती.

कस्तुराबाईनं आधी चित्रातल्या शालूकडे पाहिलं, मग अंगावरच्या. तिचा चेहरा शालूच्या रंगाला आला.

"जगदेव!"

"जी, पाटलीनबाई."

"कायले केलं बाप्पा तू हे? म्या तुयं काय घोडं मारलं होतं?"

"तुमी नाई जी, घोडा म्याच मारला," जगदेव घाबरून बोलून गेला, आणि मागची माणसं पुन्हा हसली. त्यानं जीभ चावली.

"गाढवापुढं शालू! मले गाढवाच्या पायी घातलं! वैशाखात मायी भिंत राहू दे, पंचक्रोशीत तुले भिंत भेटते का पाह्यतो मी! पूस ते. आत्ताच्या आत्ता पूस!"

जगदेवनं चुन्याची बादली उचलली. मनकर्णेची भिंत गेली, मागच्या वीस गेल्या, आणि आता चित्रातली कस्तुराबाई पुसायची म्हणजे गाढवाचे पुढचे पायही पुसले जाणार होते. त्यानं आधारासाठी पाद्रीबाबांकडे पाहिलं. पण पाद्रीबाबांचं लक्ष कस्तुराबाईकडेही नव्हतं आणि गाढवाकडेही. गाढवाच्या मानेवर हात ठेवून चालणारा एक म्हातारा जगदेवनं काढला होता. बाकदार नाक, पांढरा फेटा एका बाजूला कललेला, पुढचे दोन दात पडलेले. तो तोंड भरून हसत होता. पाद्रीबाबा त्याच्याकडे पाहत उभे होते.

"थांब गा," कोणीतरी म्हणालं. आवाज मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले. तुळसाबाई पुढं आली होती. ती चित्राच्या अगदी जवळ गेली. "हा बसला तो कोन हाय?"

पाद्रीबाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आमचा राजा आहे, बाई. लोक म्हणत होते, घोड्यावर येईल, फौज घेऊन येईल. हा गाढवावर आला. मोठमोठ्यांनी गाढव पाहिलं आणि तोंड फिरवलं. ज्यांनी गाढवावरचा माणूस पाहिला, त्यांनी वस्त्रं अंथरली."

"म्हंजे सगळ्याच्या आंधी ज्यायले ओळखू आला, ते पुढं हायेत?"

"होय."

तुळसाबाईनं मान हलवली. बराच वेळ तिनं चित्रातल्या देवाकडे पाहिलं, आणि तो तिच्याकडे पाहत होताच. मग ती कस्तुराबाईकडे वळली. "इहीनबाई, आपला किसनदेव जलमला तवा बंदिखान्याबाहेर गाढव होतं. ते ओरडलं असतं त कंस उठला असता. वसुदेवानं काय केलं? गाढवाचे पाय धरले. देवासाठी बापानं गाढवाचे पाय धरले, अन् तुमी शालू आंथरला. मले वाटत होतं, मायी सून मोठ्या घरची येऊन राह्यली. आता समजलं, मोठ्या मनाचीबी येऊन राह्यली."

जगदेव बादली धरून तसाच उभा. कस्तुराबाईनं विहिणीकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा विहिणीकडे पाहिलं. श्वास आत घेतला तेव्हा ती रागावलेली होती. सोडला तोवर सगळं बदललं होतं.

"मंग!" पदर सावरत ती म्हणाली. "म्याच सांगतलं होतं याले. म्हटलं जगदेव, घोडा-बिडा काढू नको, गाढवच काढ. कान तेवढा नीट काढ म्हटलं. अन् ते बादली काहून उचलली रे? ठेव खाली, चित्रावर उडंल न चुना!"

भगवंतराव पाटलांना खोकल्याची उबळ आली आणि ते गाडीच्या मागं गेले. रुपाबाईनं पदर तोंडात धरला. जगदेवनं बादली खाली ठेवली, आणि मग तोही बादलीशेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी शिमगा पेटला. पोरांनी रिवाजाप्रमाणे हिऱ्याला पकडायला सोजरबाईच्या अंगणात धाड घातली. तिथं कस्तुराबाई आधीच काठी घेऊन बसलेली. त्या वर्षी आसेगावात कोणाची धिंड निघाली नाही.

वैशाखात जगदेवनं मनकर्णेची भिंत काढली. वर गणपती, दोन अंगांना दोन हत्ती, मागं घोड्यावर नवरदेव. कस्तुराबाईनं कमरेवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "गाढव कोठी हाय?"

"लग्नाच्या भिंतीवर, पाटलीनबाई?"

"लग्नाची मडकी काय हत्तीवरून येते?"

जगदेवनं वरातीच्या अगदी शेवटी, पाठीवर मडक्यांची जाळी घेतलेला हिऱ्या काढला. मडकी दोन्ही बाजूंना जरा खाली सरकवून ठेवली, म्हणजे पाठ उघडी राहील.

रीतीप्रमाणे लग्नाची मडकी कुंभाराघरून वाजतगाजत आणायची असतात. आजवर वाजंत्री पुढच्या दारी यायची आणि गाढव गुपचूप मागच्या दारी जायचं. सोजरबाई त्याही दिवशी सवयीनं मागं वळली, तर कस्तुराबाईनं तिला दारातूनच हाक मारली. "सोजरे, तिकडं कायले चालली? इकडून ये." सोजरबाई बिचकत पुढच्या अंगणात आली. भिंतीवरच्या हिऱ्याकडे तिनं पाहिलं, मग जगदेवकडे. "जगदेव भाऊ, कान बराबर हाय," ती म्हणाली. "पन पोटाले जरा कमी चारलं तुमी." आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

मडकी उतरली. कस्तुराबाईनं गुळाचा खडा आणवला. गाढवाला गुळाची चव काय, असं लोक म्हणतात; हिऱ्यानं तो खडा मटकावला, तिचा हात चाटून घेतला आणि दुसऱ्या हातात काही आहे का ते हुंगून पाहिलं. कस्तुराबाई हसली. तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि फिरवता फिरवता तिचं बोट काळसर रेघेवर थांबलं. रेघेरेघेनं ते खांद्यापर्यंत गेलं, तिथून आडवं उतरलं.

"अवं सोजरे, हे काय हाय?" तिनं विचारलं. "म्या त कधी पाह्यलं नाई."

जगदेवनं खाली मान घालून कुंचला धुवायला घेतला.

"ते जलमापासूनच हाय, पाटलीनबाई," सोजरबाई म्हणाली. "पाद्रीबाबाच्या आंधी कोनी पोतं उचलून पाह्यलंच नाई."